डिस्कची किती वाट लागते

नव्या डिस्कपेटीच्या चाचणीचा निकाल आला त्या दिवशी संगणकराव कार्यालयात अशा थाटात फिरत होते, की पेटी कंपनीने बनवलेली नसून त्यांच्याच पोटी जन्माला आली असावी. संगणकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते जन्मनोंदणी कार्यालयात संगणक सांभाळत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. साऱ्या शहराची नावं जिथे जपून ठेवलेली, तिथे त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुणाला आठवत नसे. असो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

तर पेटी. पेटी म्हणजे शहरातल्या तमाम जन्मलेल्यांच्या नोंदी ज्या डिस्कांवर राहायच्या, त्या डिस्कांचं कपाट. जुनं कपाट कण्हत होतं. नवं घ्यावं म्हणून संगणकराव साहेबांच्या मागे लागले होते आणि "हिच्यामुळे दाखल्यांच्या खिडकीवरची रांग नाहीशी झाली नाही तर माझं नाव बदला," असं भर बैठकीत बोलून बसले होते. नाव आधीच बदललेलं असल्यामुळे त्यात धोका नाही, असं त्यांना वाटलं असावं.

पेटी विकणाऱ्या कंपनीचा माणूस गळ्यात टाय बांधून यायचा. त्याला सगळे टायवाला म्हणत. त्याने चाचणी घेतली. एक अवाढव्य फाइल पेटीवर लिहिली आणि सरळ एका दमात वाचून काढली. पडद्यावरचा वेगाचा काटा उजवीकडे जाऊन असा टेकला, की त्याला आणखी जागा असती तर तो भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेला असता. साहेबांनी पेटीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. शेजारी संगणकराव. वाघ मारल्यावर शिकारी काढतात, त्या जातीचा फोटो. तो साहेबांच्या खोलीत लागला.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर रांग होती तशीच होती.

खिडकी सांभाळायच्या मोठ्या बाई. नाव टाइप करायचं, उत्तर येईपर्यंत मांडीवरचं विणकाम उचलायचं, ही त्यांची जुनी पद्धत. त्या दिवशी दुपारपर्यंत स्वेटरची एक बाही पुरी झाली. ती त्यांनी संगणकरावांसमोर धरली.

"संगणकराव, तुमची पेटी धावते म्हणता ना?"

"वाऱ्यासारखी, बाई."

"मग जरा विचारा तिला, धावते ती कुठल्या दिशेला? इकडे तर अजून पोचली नाही."

संगणकरावांनी पुन्हा चाचणी घेतली. काटा पुन्हा भिंतीला. खिडकीवर दुसऱ्या बाहीला सुरुवात. आठवडाभर हेच चाललं. शेवटी साहेबांनी त्यांना बोलावलं. फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. संगणकरावांना आपल्या पाठीला गार लागल्यासारखं झालं.

"पुढच्या आठवड्यात शनिवारी मोठे साहेब पाहणीला येणार आहेत," साहेब म्हणाले. "त्यांना ही रांग दिसली, तर पेटी परत जाईल. आणि तिच्या पाठोपाठ तुम्ही तळघरात. जुन्या बाडांची धूळ झटकायला माणूस हवाच आहे."

संध्याकाळी संगणकराव घरी आले ते थेट खुर्चीत बसले. समोरच्या घरातले शिट्टीकाका आलेले होतेच. हे निवृत्त क्रीडाशिक्षक. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती, आणि बोलताना मुद्दा आला की ते ती फुंकत. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे सल्ला असे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांना घरी पाठवणं अशक्य असे.

"पळवलीत कुठे?" सगळं ऐकून शिट्टीकाकांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? पेटी आहे ती, काका."

"मैदानात पळवलीत! सरळ आखलेला पट्टा, आडवं यायला कुणी नाही. माझा एक विद्यार्थी होता. मैदानात नुसता वारा. पण आईने बाजारात धाडला, की परत यायला संध्याकाळ. एका दुकानात थांब, दुसऱ्यात विचार, तिसरा म्हणतो पलीकडच्या गल्लीत जा. पाय तेच हो! धावायला मोकळी जागाच मिळेना." इथे शिट्टी वाजली. "पेटीला बाजारात पाठवा. आणि मागोमाग जाऊन बघा, कुठे कुठे थांबते ते."

"आमच्याकडे याचा अनुभव आहे," आतून बायकोचा आवाज आला. "लग्नाआधी भेटले तेव्हा फार हुशार वाटले होते."

ती हातात वाचनालयाचा अर्ज घेऊन बाहेर आली. "पेटीचं राहू द्या. हे आधी बघा. माझं नाव पुन्हा चुकीचं लिहिलंत. इतकी वर्षं संसार केला, एक वेलांटी जमत नाही तुम्हाला. पहिली वेलांटी आहे ती. पहिली! माझ्या नावात दुसरी वेलांटी कधी नव्हती आणि असणार नाही."

"हो हो, बरोबर," असं संगणकराव म्हणाले. ते दरवेळी असंच म्हणत. त्यांच्या डोक्यात पेटी बाजाराला निघालेली होती.

शिट्टीकाकांचा सल्ला कधी नव्हे तो उपयोगाचा होता, हे कबूल करणं त्यांना जड गेलं. पण तळघर आठवलं आणि सोपं झालं. खिडकीवर रोजचं काम चालू असताना नोंदणीचं ॲप्लिकेशन डिस्ककडे नेमकं काय काय मागतं आणि प्रत्येक मागणीला किती थांबतं, ते टिपणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो बसवायचा. त्यासाठी परवानगी हवी.

"कशाची कामगिरी मोजायची म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"ॲप्लिकेशनची, साहेब."

"कुणी केलेलं ॲप्लिकेशन?"

"तसं नव्हे. आपलं खिडकीवरचं ॲप्लिकेशन."

"खिडकीवर रोज ढीगभर ॲप्लिकेशनं येतात. ती मोजायची तर तसं एक ॲप्लिकेशन द्या."

संगणकरावांनी ॲप्लिकेशन मोजायला परवानगी मिळावी असं ॲप्लिकेशन दिलं. ते परत आलं. त्यात 'लक्ष ठेवणे' हा शब्दप्रयोग होता आणि कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचा प्रघात या कार्यालयात नव्हता. शब्द बदलून पुन्हा दिलं. मंजूर झालं, अट एवढीच, की सर्वांना आगाऊ सूचना द्यावी.

सूचना संगणकरावांनी स्वतः लिहिली. 'सोमवारपासून नेहमीच्या कामात डिस्कची किती वाट पाहावी लागते ते मोजण्यात येईल. सर्वांनी आपापले काम नेहमीसारखेच करावे.' निर्मळ वाक्यं. ती टंकलेखिकेकडे गेली. या बाईंचा एकच धर्म होता: समास. ओळ समासाबाहेर गेलेली त्यांना घरात शिरलेल्या पालीसारखी वाटे. पहिलं वाक्य एका शब्दाने बाहेर जात होतं. त्यांनी त्यातल्या त्यात बिनकामाचा शब्द शोधून काढून टाकला. सोमवारी सकाळी फलकावर सूचना लागली:

'सोमवारपासून नेहमीच्या कामात डिस्कची किती वाट लागते ते मोजण्यात येईल. सर्वांनी आपापले काम नेहमीसारखेच करावे.'

फलकासमोर गर्दी जमली. एकाने मोठ्याने वाचलं. दुसरा म्हणाला, "म्हणजे लागणार हे नक्की आहे. फक्त किती, तेवढं बघायचंय." तिसरा म्हणाला, "आणि आपण कामं करत बसायचं! हे बरं आहे." मग प्रत्येक जण शहाण्यासारखा आपल्या जागेवर गेला आणि डिस्कची पुरती वाट लागण्याआधी आपापल्या विभागाच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्यायला लागला. एकाच वेळी. सगळे. नवी पेटी अशी गुरगुरायला लागली, की टायवाला आत डोकावून आल्या पावली परत गेला. खिडकी तर बंदच पडली. मोठ्या बाईंनी दुसरी बाही पुरी करून गळ्याला हात घातला.

संगणकरावांच्या पडद्यावर त्या दिवशी जे उमटलं, त्याला रोजचं काम म्हणणं म्हणजे आग लागलेल्या घरातली धावपळ बघून 'या कुटुंबाला चालायची फार आवड आहे' असं म्हणण्यासारखं होतं. साहेबांनी वरून निरोप पाठवला. त्यात तळघर हा शब्द होता.

संध्याकाळी संगणकरावांनी फलकावरची सूचना काढली. तिच्या जागी नवी लावली नाही. मोजणारा प्रोग्रॅम मात्र तसाच ठेवला. माणसाला सांगून ठेवलं की नेहमीसारखं वाग, की तो नेहमीसारखा वागत नाही, हे ज्ञान त्यांना झालं. ते फोटो काढणाऱ्या कुणालाही आधीच असतं.

मंगळवारी ते मोठ्या बाईंच्या मागच्या टेबलावर जाऊन बसले. कार्यालय रोजच्यासारखं सुस्तावलेलं. खिडकीशी एक आजीबाई आल्या, हातात कापडी पिशवी. जन्माचा दाखला हवा होता. नाव सांगितलं. मोठ्या बाईंनी ते टाइप केलं आणि सुया उचलल्या.

पडद्यावर ओळी वाहू लागल्या. एक ओळ म्हणजे डिस्कला विचारलेला एक प्रश्न. प्रश्न एवढासा. उत्तराला वेळही एवढासाच, पापणी लवायच्या आत. पण पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा निघत नव्हता. आणि नोंदी वर्षानुवर्षं सुचेल तिथे ठेवलेल्या, म्हणून दुसरा प्रश्न पेटीच्या भलत्याच कोपऱ्यात. तिथून तिसऱ्याच. चाचणीतल्या त्या एका दमातल्या घोडदौडीशी याचं नातंगोतं नव्हतं.

संगणकरावांनी एक ओळ उलगडून बघितली. कुणाची नोंद वाचली जातेय? रजिस्टरातल्या अगदी पहिल्या माणसाची. तुम्ही का त्या? नाही. पुढचा. तुम्ही? नाही. तिसरा. जुळ्या बहिणींपैकी आधी एक, मग दुसरी. कधीच वारलेले. परदेशी गेलेले. काल जन्मलेले, ज्यांना अजून नीट मानही धरता येत नव्हती. मध्येच साहेब आले. तुम्ही का त्या आजी? नाही. टायवाला आला. नाही. एका म्हातारीसाठी ते यंत्र साऱ्या शहराच्या दारांवरून चाललं होतं. एकही दार न गाळता प्रत्येकाची कडी वाजवत होतं, नम्रपणे विचारत होतं आणि पुढे जात होतं. आणि हे ते दर माणसामागे, दिवसभर, इतकी वर्षं करत आलं होतं. त्याला मंद म्हणत होतो आपण!

संगणकराव उठून उभे राहिले. संगणकासमोर उभं राहावं असा नियम नाही. पण समोर कुणी मोठं काम करत असलं, तर आपल्याला बसवत नाही. त्यांच्या अंगावर काटा आला होता. हाताचे केस त्यांनी दोनदा खाली दाबून बघितले.

ओळी थांबल्या. दाखला छापून आला.

"सापडले का गं मी?" आजीबाईंनी खिडकीत डोकं घातलं.

"सापडलात, आजी."

"तेच म्हटलं, जाणार कुठे."

आजी गेल्यावर संगणकरावांनी विचारलं, "बाई, नाव दिल्यावर हे थेट त्या नावाकडे का जात नाही? सगळ्यांना का विचारत सुटतं?"

"मीच सांगितलं होतं तसं करायला," मोठ्या बाई सुया न थांबवता म्हणाल्या. "या रजिस्टरात लिहिणाऱ्या एकेकाचे नखरे तुम्हाला माहीत नाहीत. एकाला दुसऱ्या वेलांटीचा सोस. एक उकार नेहमी उलटा द्यायचा. एक तर मूड बघून लिहायचा. लोक येऊन नाव सांगणार एक, लिहिलेलं असणार दुसरंच. म्हणून प्रोग्रॅमवाल्यांना म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ माफ करा. प्रत्येक नावाची वेलांटी पुसून बघा, मग जुळवा."

म्हणजे एका नावासाठी साऱ्या शहराच्या वेलांट्या पुसायच्या, पुन्हा पुढच्या माणसासाठी साऱ्या पुसायच्या. संगणकरावांनी या व्यवस्थेला मनातल्या मनात वेलांटीमाफी असं नाव दिलं.

त्यांनी हा शोध वर जाऊन सांगितला. तिथे टायवाला बसला होताच. "बघा! पेटी निर्दोष," म्हणून त्याने टाय सरळ केला. "ही माफी बंद करा. लगेच बंद करा. पेटी कशी धावते ते बघा." साहेबांना 'लगेच' हा शब्द आवडला. संगणकराव काही म्हणायच्या आत माफी बंद झाली.

बुधवारी सकाळी उत्तरं खरोखरच चटकन यायला लागली. फक्त ती अशी यायला लागली:

"तुमची नोंद नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

खिडकीबाहेर एक दणकट गृहस्थ उभे होते. "नाही म्हणजे?"

"म्हणजे तुमचा जन्म झालेला दिसत नाही."

"मग ही ढेरी कुणाची?"

"ते मी नाही सांगू शकत. पुढचे कोण?"

पुढचेही जन्मले नव्हते. त्यांच्या मागच्या बाईंचा मुलगा जन्मला होता, पण बाई नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मं शहर न जन्मलेलं निघालं आणि ते सगळं खिडकीशी उभं राहून ओरडत होतं. आवाज वर गेला. साहेब खाली आले, त्यांनी लोकांना शांत करण्यासाठी "हे बघा, मी स्वतःचंच नाव घालून दाखवतो," असं म्हणून नाव घातलं. साहेब नव्हते. टायवालाही नव्हता. तो मात्र हे कळायच्या आधीच नाहीसा झाला होता.

"माफी परत सुरू करा!" साहेब ओरडले. "आणि संगणकराव, शनिवार!"

सगळं आता संगणकरावांवर येऊन पडलं होतं. ते त्या रात्री जेवताना घास हातात धरून बसून राहिले. बायको इस्त्री करत होती. चुरगळलेले सगळे कपडे एकदा बसून इस्त्री करायचे आणि कपाटात लावून ठेवायचे, म्हणजे सकाळी घाईत हात घातला की हवा तो सदरा. रोज सकाळी साऱ्या घराचे कपडे उलथेपालथे करत बसायचं नाही. संगणकरावांनी घास ताटात ठेवला आणि तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तिने इस्त्री उभी करून विचारलं, "काय झालं? डाग पडलाय का?"

गुरुवारी सकाळी त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंना फोन केला. प्रत्येक नावाचं एक इस्त्री केलेलं रूप एकदाच करून ठेवता येईल का? सगळ्या वेलांट्या पहिल्या, सगळे उकार ऱ्हस्व, आणि ओळीने लावलेलं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. खिडकीवर येईल त्या नावालाही तशीच इस्त्री, आणि मग थेट त्या दारात.

"सोपं आहे की हो, संगणकराव," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही. सगळे आपले डिस्क बदला, डिस्क बदला."

शनिवारी मोठे साहेब आले. खिडकीसमोर रांग नव्हती. मोठ्या बाई नाव टाइप करायच्या, सुयांकडे हात न्यायच्या, तोवर दाखला हजर. लोकांचा विश्वास बसेना. ते खिडकी सोडायला तयार नव्हते. "इतक्यात? नीट बघितलंत ना?" दणकट गृहस्थ परत आले होते, त्यांना त्यांचा जन्म मिळाला, तो त्यांनी उजेडात धरून तीनतीनदा वाचला. मोठ्या साहेबांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं आणि डोळे मिटून थांबले. उघडायची वेळ आली तेव्हा कागद हातात होता.

"पेटी चांगली आहे," मोठे साहेब म्हणाले.

साहेबांनी वर जाऊन फोटो सरळ केला. मोठ्या बाईंनी संगणकरावांना बाजूला घेतलं आणि स्वेटरच्या उरलेल्या अंगाकडे दुःखाने बघत विचारलं, "थोडीशी, अगदी चार टाक्यांपुरती वाट शिल्लक ठेवता आली असती का हो?"

संध्याकाळी सगळे गेल्यावर संगणकराव पडद्यासमोर बसले. जुनी रीत अजून पुसलेली नव्हती. ती सोमवारी काढायची होती. तिला एकदा शेवटचं काहीतरी विचारावं असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोचं माहेरचं नाव टाइप केलं. वेलांटीपाशी बोट थांबलं. पहिली की दुसरी? ती म्हणाली होती, 'कधी नव्हती आणि असणार नाही,' पण कोणती नव्हती? आठवेना. त्यांनी एक ठोकून दिली. माफी होतीच.

आणि ते यंत्र निघालं. पहिल्या दारापासून. तुम्ही का त्या? नाही. पुढे. तुम्ही? नाही. संगणकराव पुन्हा उठून उभे राहिले होते. दारामागून दार मागे पडत होतं. किती माणसं जन्मली होती या शहरात! यातल्या कुठल्याही दारात तो प्रश्न थांबू शकला असता. तो कुठेच थांबला नाही. शहरभर हिंडला, आणि मग एका दारात थांबला.

तिची नोंद. तारीख, आईचं नाव, बापाचं नाव. आणि तिचं.

दुसरी वेलांटी.

अर्ज हातात धरून 'पहिली!' म्हणणारी बायको संगणकरावांना आता लख्ख आठवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दुसरी. पडद्यावर, ठसठशीत, शासनाच्या नोंदीत. इतक्या वर्षांचा वाद ते जिंकले होते. दाखला छापायची कळ बोटाखाली होती. ती दाबली असती, तर घरातला इतिहास बदलला असता.

त्यांनी पडदा बंद केला.

घरी पोचले तेव्हा ताट वाढलेलं होतं, आणि बायको दारात.

"किती वाट पाहायची माणसाने? जेवणाची पार वाट लागली."

"पहिली," संगणकराव म्हणाले.

"काय पहिली?"

"वेलांटी. तुझ्या नावातली. पहिलीच आहे."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग बाजूला होऊन त्यांना आत घेतलं.

"सापडलं एकदाचं," ती म्हणाली.